पोथ्यांच्या कपाटासाठी कोणता बोर्ड घेऊ?

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यात राहणाऱ्या ३९ वर्षांच्या वाचक भगिनी लिहितात: २००५ साली त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. तेव्हा ८०५१ या मायक्रोकंट्रोलर चिपवर असेम्ब्लीत, म्हणजे थेट चिपच्या भाषेत, प्रोग्रॅम लिहिले. दोन वर्षं नोकरी केली, मग लग्न, मुलं आणि घर. आता मुलगा आठवीत आहे आणि थोडा वेळ हाताशी आला आहे. सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या काचेच्या कपाटात घराण्यातल्या जुन्या पोथ्या आहेत. गेल्या पावसाळ्यात त्यातल्या दोन बासनांना बुरशी लागली. कपाटाजवळ प्लग नाही आणि अण्णांना तिथे वायर ओढलेली चालणार नाही. म्हणून त्यांनी मुलाच्या आर्डुइनो उनो या शिकाऊ बोर्डावर डीएचटी११ सेन्सर लावून आर्द्रतेची नोंद ठेवणारं उपकरण केलं आणि ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवलं. "रात्री लावलं, सकाळी बंद." तेव्हापासून त्या वाचत सुटल्या आहेत. कुणी एमएसपी४३० चिपचा बोर्ड घ्या म्हणतं, कुणी एसटीएम३२ चा, कुणी ईएसपी३२ चा. एका क्लासने 'नोकरीच्या हमीसह' ३५,००० रुपये फी सांगितली. भावोजी म्हणतात, शिकायचं तर कंपन्यांत वापरतात तो लायसन्सचा कंपायलर (प्रोग्रॅम चिपच्या भाषेत आणणारं सॉफ्टवेअर) घे. घरातून ८,००० रुपये खर्चाला मिळाले आहेत. "कोणता बोर्ड, कोणतं सॉफ्टवेअर, कोणता कोर्स? इंग्रजी बेताचं आहे. आणि या वयात याचा काही उपयोग होईल का?"

उत्तर

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वेळी प्रश्न दिसले. दुसऱ्या वेळी "रात्री लावलं, सकाळी बंद" या चार शब्दांपाशी थांबलो. तुमचे बाकीचे सगळे प्रश्न तिथूनच निघाले आहेत असं मला वाटतं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

त्या रात्री काय झालं याचा हिशेब करू. ९ व्होल्टच्या चौकोनी अल्कलाइन बॅटरीत साधारण ५०० मिलिॲम्पिअर-तास असतात. उनो बोर्ड काहीही न करता नुसता चालू असला तरी चाळीस-पन्नास मिलिॲम्पिअर खातो. ५०० भागिले ४५ म्हणजे अकरा तास. तुमचं उपकरण अगदी हिशेबाप्रमाणे बंद पडलं. तुमच्या हातून काहीही चुकलेलं नव्हतं.

आता पुढची गोष्ट बघा. उनोवरची ॲटमेगा३२८पी ही चिप गाढ झोपवली तर एका मायक्रोॲम्पिअरपेक्षाही, म्हणजे मिलिॲम्पिअरच्या हजाराव्या भागापेक्षाही, कमी प्रवाहावर राहू शकते. मग ते चाळीस मिलिॲम्पिअर जातात कुठे? बोर्डावरची यूएसबीची दुसरी चिप, व्होल्टेज रेग्युलेटर, सदा पेटलेला एलईडी आणि एकदाही न झोपणारा प्रोग्रॅम, या सगळ्यांत. म्हणजे तुम्ही ज्याला 'चिप चुकीची घेतली' समजता आहात, ते खरं तर बोर्ड आणि प्रोग्रॅम यांचं दुखणं आहे. हेच दुखणं घेऊन तुम्ही एमएसपी४३० वर गेलात किंवा एसटीएम३२ वर गेलात, तरी सकाळी उपकरण बंदच सापडेल.

तुमच्या पत्रात एक गोष्ट धरून चाललेली दिसते, की बरोबर बोर्ड आणि बरोबर सॉफ्टवेअर मिळालं की काम होईल. ही समजूत मला जवळजवळ प्रत्येक पत्रात दिसते आणि ती ठेवणाऱ्यांना मी दोष देत नाही. बाजारात बोर्ड विकत मिळतो, कोर्सही विकत मिळतो. मायक्रोॲम्पिअर डोळ्यांना दिसत नाही, तो दिसायला लागणं विकत मिळत नाही. कमी विजेच्या कामात शिकायचं असतं ते मुख्यतः एवढंच, की प्रवाह कुठून गळतो आहे ते कसं पाहायचं. त्यामुळे साधनं निवडताना मी पहिला प्रश्न हा विचारतो: हे साधन मला प्रवाह दाखवेल का?

त्या कसोटीवर सांगतो. तुमच्या कामाला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीच्या एमएसपी४३० कुटुंबातला, एफआर२४३३ चिपचा लाँचपॅड, म्हणजे शिकण्यासाठीचा तयार बोर्ड, घ्या. कारणं तीन आहेत आणि ती तुमच्या कपाटाशी जोडलेली आहेत, चिप भारी की हलकी याच्याशी नाही.

पहिलं, या बोर्डाच्या अर्ध्या भागात प्रोग्रॅम चिपमध्ये भरणारा आणि तपासू देणारा डीबगर आहे आणि त्यातच एनर्जीट्रेस नावाची सोय आहे. चिप किती ऊर्जा खाते आहे त्याचा आलेख ती कॉम्प्युटरच्या पडद्यावर काढते. वेगळं महागडं उपकरण लागत नाही.

दुसरं कारण स्मरणशक्तीचं. या चिपमध्ये नेहमीच्या फ्लॅश मेमरीऐवजी एफरॅम जातीची मेमरी आहे, १५.५ किलोबाइट. फ्लॅशमध्ये लिहायचं तर आधी एक अख्खा तुकडा पुसावा लागतो, त्याला वेळ आणि वीज दोन्ही लागतात, आणि पुसण्याला मर्यादा असते. याच कुटुंबातल्या जुन्या, लोकप्रिय जी२५५३ चिपला कंपनी किमान १०,००० वेळांची खात्री देते. एफरॅममध्ये एक बाइट लिहायचा तर तेवढाच लिहिता येतो, वीज गेली तरी राहतो, आणि त्याची सहनशक्ती दहाच्या पंधराव्या घाताइतक्या लिखाणांची सांगितली जाते. दर तासाला एक नोंद ठेवणाऱ्या उपकरणासाठी याहून सोयीचं काही नाही.

इथेच तुमच्या पत्रातली आणखी एक गोष्ट तपासू. तुम्हाला दर पाच मिनिटांनी नोंद हवी आहे. का हवी? बंद कपाटातली हवा इतक्या झटपट बदलत नाही. तासाला एक नोंद पुरे. तापमानाला एक बाइट, आर्द्रतेला एक बाइट. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत १२२ दिवस धरले तर २,९२८ नोंदी, म्हणजे ५,८५६ बाइट. प्रोग्रॅमसकट सगळं या चिपमध्ये आरामात मावतं. पाच मिनिटांचा हट्ट धरलात तर याच्या बारा पट जागा लागेल, मग मेमरी कार्ड आलं, आणि कार्ड आलं की बॅटरीचं गणित पुन्हा कोलमडलं.

तिसरं कारण, ८०५१ वर असेम्ब्ली लिहिलेल्या माणसाला ही चिप परकी वाटत नाही. सोळा बिटांची, साधी आखणी, मोजकी रजिस्टरं. तुम्ही २००५ साली शिकलेलं पुसलं गेलेलं नाही. पोर्टची दिशा ठरवणं, टायमर भरणं, इंटरप्ट (चालू काम थांबवणारा इशारा) आला की उडी मारणं, सगळं ओळखीचं निघेल. नवीन असेल ती झोप. ८०५१ वर आपण मुख्य लूप अखंड फिरवत ठेवायचो. इथे चिप बहुतेक वेळ झोपलेली असते, घड्याळाचा इंटरप्ट तिला उठवतो, ती काम करते आणि लगेच पुन्हा झोपते. ही सवय हाताला बसायला आठ-दहा दिवस जातील.

बाकीच्या नावांबद्दल थोडक्यात सांगतो. ईएसपी३२ वायफायसाठी उत्तम आहे. पण वायफायवर पाठवताना तो दोनशे मिलिॲम्पिअरच्या वर झटका घेतो, नाण्याएवढा सेल तो देऊच शकत नाही, आणि तुम्हाला वायफायची गरजही नाही. अण्णा कपाट रोज उघडतातच. एसटीएम३२ ची 'एल' मालिका मात्र खरोखर तोलामोलाची आहे. तिचा न्यूक्लिओ बोर्ड स्वस्त असतो, डीबगर बोर्डावरच असतो, क्यूबआयडीई हे तिचं प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि प्रवाह मोजण्यासाठी काढता येणारा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी टोपी, दिलेला असतो. नोकरी हा तुमचा पहिला हेतू असता तर मी तिकडेच बोट दाखवलं असतं, कारण नव्या कामांत एसटीएम३२ च्या आत असतो तो आर्म कॉर्टेक्सच जास्त विचारला जातो. पण त्याचं मॅन्युअल पहिल्याच आठवड्यात माणसाला दडपून टाकतं. आधी लहान चिपवर एक उपकरण पुरं करा, मग तिकडे जाताना नवीन शिकायचं बरंच कमी उरेल.

आता सॉफ्टवेअर, आणि भावोजींचं म्हणणं. ते काळजीपोटी बोलत आहेत आणि त्यांच्या बोलण्यात तथ्यही आहे. लायसन्सचे कंपायलर कारखान्यांत वापरले जातात, ते चांगले असतात. पण एमएसपी४३० कुटुंबासाठी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा स्वतःचा कोड कम्पोझर स्टुडिओ आहे, आणि त्याच्या सातव्या आवृत्तीपासून लायसन्सचे पैसे पडत नाहीत. पूर्वी फुकटच्या आवृत्तीत प्रोग्रॅमच्या आकाराला मर्यादा असायची, बहुधा भावोजींच्या मनात ती जुनी गोष्ट असेल. एनर्जीट्रेस या सॉफ्टवेअरमध्ये चालतं, म्हणून तुम्ही हेच घ्या. घरचा कॉम्प्युटर जुना असेल तर हे जड वाटेल, उघडायला वेळ घेईल. तेवढी कळ काढा. लिनक्सवर कमांड लाइनची आवड असणाऱ्यांना जीसीसी कंपायलर आणि एमएसपीडीबग ही फुकट जोडी आहे, पण या पत्राच्या उत्तरात ती नको.

एनर्जिया नावाचं, आर्डुइनोसारखं दिसणारं सॉफ्टवेअरही तुम्हाला कुणीतरी सुचवेल. उनोची सवय असल्याने ते जवळचं वाटेल. मी त्यापासून दूर राहायला सांगेन. त्यात चिपची झोप, घड्याळं, इंटरप्ट सगळं आत दडलेलं असतं आणि तुम्हाला नेमकं तेच बघायचं आहे. शिवाय त्याच्यावर आता काम जवळजवळ थांबलेलं आहे.

पहिल्या संध्याकाळी दोन खड्डे लागतील, ते आधीच सांगून ठेवतो. या चिपमध्ये वॉचडॉग, म्हणजे प्रोग्रॅम अडकला तर चिप रीसेट करणारा टायमर, चालू स्थितीतच जागा होतो. प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत त्याला थांबवलं नाही तर चिप पुन्हा पुन्हा रीसेट होत राहते आणि आपल्याला वाटतं बोर्डच खराब आला. दुसरा खड्डा एफरॅमच्या चिपांचा. वीज आल्यावर सगळ्या पिनांना एक कुलूप असतं, लॉकएलपीएम५ नावाचा बिट. तो पुसल्याशिवाय एलईडी पेटत नाही, प्रोग्रॅम कितीही बरोबर असो. जुन्या जी२५५३ साठी लिहिलेला नमुना या चिपवर चालवायला गेलेली माणसं इथेच अडकतात. म्हणून नमुने कुठूनही उचलू नका. कंपनीच्या रिसोर्स एक्सप्लोररमध्ये नेमक्या तुमच्या चिपच्या नावाचे छोटे नमुने आहेत, तेच घ्या.

इंग्रजीची भीती तुम्ही दोनदा लिहिलीत, म्हणून त्यावर थोडं सविस्तर. तुम्ही ज्या गावात राहता तिथे १८९० साली महाराजा सयाजीरावांनी कलाभवन काढलं. त्रिभुवनदास गज्जर त्याचे प्राचार्य, आणि धंद्याचं, कारागिरीचं शास्त्र आपल्या भाषेतून शिकवलं पाहिजे हा त्यांचा आग्रह होता. आज तीच संस्था सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान विद्याशाखा आहे. तिच्यावरून जाताना मला दर वेळी वाटतं, की हे काम अर्धंच राहिलं. एमएसपी४३० चं मॅन्युअल मराठीत नाही, गुजरातीतही नाही. पण डेटाशीटचं इंग्रजी कादंबरीचं इंग्रजी नसतं. वाक्यं आखूड, शब्द तेच तेच. एक वही करा. डावीकडे शब्द, उजवीकडे तुमच्या मराठीत त्याचा अर्थ आणि शेजारी एक छोटं चित्र. पंधरा दिवसांनी वहीत नवा शब्द क्वचितच चढतो आहे असं दिसेल.

कागद तीन डाउनलोड करायचे. डेटाशीट तुमच्या एका चिपची: पिना, व्होल्टेज, प्रवाहाचे आकडे. युजर्स गाइड अख्ख्या कुटुंबाचं: टायमर कसा चालतो, झोपेचे प्रकार कोणते. आणि इरॅटा, म्हणजे चिपमधल्या ज्या चुका कंपनीला स्वतःला ठाऊक आहेत त्यांची यादी. ही यादी लोक उघडतच नाहीत आणि मग छापील चुकीशी चार रात्री झुंजतात. युजर्स गाइड शेकडो पानांचं आहे, ते पहिल्या पानापासून वाचू नका. घड्याळं, झोपेचे मोड, पिना, वेळ मोजणारा आरटीसी काउंटर आणि सेन्सरशी बोलायची आयस्क्वेअरसी, एवढीच प्रकरणं तुमच्या उपकरणाची. बाकीची मिटलेली राहू देत.

कोर्ससाठी ३५,००० रुपये देण्याआधी एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षण उपक्रमातला 'इंट्रोडक्शन टू एम्बेडेड सिस्टिम डिझाइन' हा कोर्स बघा. तो एमएसपी४३० वरच बेतलेला आहे, व्हिडिओ फुकट आहेत, फी फक्त परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तर. त्यातली चिप जुनी जी२५५३ आहे, त्यामुळे कुलुपाची गोष्ट लक्षात ठेवून त्यातलं ज्ञान घ्या आणि नमुने मात्र आपल्या चिपचे वापरा. सगळे क्लास वाईट नसतात. समोर बसून शिकवणाऱ्याची जागा व्हिडिओ घेत नाही, हेही मी मानतो. पण त्या क्लासमध्ये जाऊन तीन गोष्टी विचारा. माझ्या टेबलावर माझा एकटीचा बोर्ड असेल का? तुम्ही मायक्रोॲम्पिअर कशाने मोजून दाखवता? मागच्या तुकडीतल्या कुणी पुरं केलेलं उपकरण मला हातात घेऊन बघता येईल का? आणि नोकरीची हमी असेल तर ती कागदावर, सहीनिशी मागा. उत्तरं गुळमुळीत आली तर नमस्कार करून बाहेर या.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, मोजणं.

बऱ्याच वर्षांपूर्वी बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या एका छोट्या कारखान्यात मी नोंदी ठेवणारं एक उपकरण करण्यात होतो. आत ३.६ व्होल्टचा, २,४०० मिलिॲम्पिअर-तासांचा लिथियम सेल, आणि गिऱ्हाइकाला पाच वर्षांचा शब्द दिलेला. दीड वर्षात उपकरणं परत यायला लागली. प्रोग्रॅम तपासला, झोप तपासली, सगळं ठीक. शेवटी सापडलं ते असं: बॅटरीचं व्होल्टेज मोजता यावं म्हणून लावलेले दहा-दहा किलोओहमचे दोन रेझिस्टर सेलला कायमचे जोडलेले होते. ३.६ भागिले वीस हजार म्हणजे ०.१८ मिलिॲम्पिअर, दिवसरात्र. २,४०० भागिले ०.१८ करा, जवळजवळ अठरा महिने येतात. चिप इमानदारीने झोपत होती आणि तिच्या शेजारी दोन रेझिस्टर सेल पीत बसले होते. त्या परत आलेल्या खोक्यांचा ढीग मी अजून विसरलेलो नाही. उपकरण घराबाहेर पाठवण्याआधी एकदा नुसता झोपेचा प्रवाह मोजला असता तर ते टळलं असतं.

तुमच्या कपाटाचा हिशेब तसाच मांडून बघू. नाण्याएवढ्या सीआर२०३२ सेलमध्ये साधारण २२० मिलिॲम्पिअर-तास असतात. झोपेत चिप आणि सेन्सर मिळून दीड मायक्रोॲम्पिअर धरू. तासातून एकदा उठून वीस मिलिसेकंद, दोन मिलिॲम्पिअरवर काम केलं, तर त्याची तासाची सरासरी ०.०११ मायक्रोॲम्पिअर येते, म्हणजे नगण्य. कागदावर हा सेल सोळा वर्षं पुरतो. प्रत्यक्षात सेल स्वतःच इतकी वर्षं टिकत नाही, पण चार महिन्यांचा पावसाळा तर नक्कीच निघतो. आता सेन्सरच्या छोट्या बोर्डावर एक लाल एलईडी पेटलेला आहे समजा, एक मिलिॲम्पिअरचा. २२० तास. नऊ दिवस संपले की सेल संपला. किंवा सेन्सरच्या वायरीवर दहा किलोओहमचा पुल-अप, म्हणजे वायर वरच्या व्होल्टेजला धरून ठेवणारा रेझिस्टर, आहे आणि झोपताना पिन चुकून खाली ओढलेली राहिली, तर ०.३ मिलिॲम्पिअर, म्हणजे महिनाभर. सोळा वर्षं, एक महिना, नऊ दिवस: तिन्हींत चिप तीच, सॉफ्टवेअर तेच, प्रोग्रॅमही जवळजवळ तोच.

म्हणून सेन्सर घेताना बघा. डीएचटी११ ठेवू नका. त्याला किमान ३ व्होल्ट लागतात आणि सीआर२०३२ थोडा वापरला की त्याच्या खाली येतो. एसएचटी३१ जातीचा सेन्सर घ्या. तो कमी व्होल्टेजवर चालतो आणि मोजणी नसताना अगदी थोडा प्रवाह घेतो. त्याच्या बोर्डावर एलईडी असेल तर सोल्डरचा डाग सोडवून तो उपटून टाका, आणि रेग्युलेटर असलेला बोर्ड घेऊच नका. चिपच्या न वापरलेल्या पिना लोंबकळत ठेवू नका, आउटपुट करून शून्यावर ठेवा. लोंबकळणारी पिनही प्रवाह गळवते.

मोजायचं कसं? आधी एनर्जीट्रेस. पण त्यात एक मेख आहे. डीबगर जोडून प्रोग्रॅम पायरी पायरीने चालवत असताना चिप पुरती झोपत नाही, आकडा फुगलेला येतो. प्रोग्रॅम चिपमध्ये भरा, मग डीबग न करता नुसतं एनर्जीट्रेस चालवा आणि तो आकडा खरा धरा. मल्टिमीटरने मोजायला गेलात तर दुसरी मेख. मायक्रोॲम्पिअरच्या रेंजवर मीटरच्या आत मोठा रेझिस्टर असतो. तो ५०० ओहमचा धरला तर चिप उठून दोन मिलिॲम्पिअर घेते तेव्हा त्यावर एक व्होल्ट पडतो. तीनाचे दोन होतात, सेन्सर बिचकतो आणि आपण प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो.

तिसरी पद्धत मला सगळ्यात आवडते, कारण ती पंधरा-वीस रुपयांत होते. १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घ्या. तासभर ३ व्होल्टवर भरलेला ठेवा, म्हणजे त्याची स्वतःची गळती कमी होते. आधी तो नुसताच सोडून पाच मिनिटांत किती उतरतो ते लिहा. मग लाँचपॅडवरचे जंपर काढून डीबगरचा भाग चिपपासून पूर्ण तोडा आणि चिपला सेलऐवजी हा भरलेला कपॅसिटर जोडा. दीड मायक्रोॲम्पिअर खाणारी चिप त्याला ३ वरून अडीच व्होल्टवर आणायला साडेपाच मिनिटं घेते. ०.३ मिलिॲम्पिअरची गळती असेल तर तेवढंच उतरायला दोन सेकंदसुद्धा लागत नाहीत. मीटर फक्त सुरुवातीला आणि शेवटी टेकवा, कारण मीटर स्वतःही थोडा प्रवाह घेतो. मुलाला घड्याळ घेऊन शेजारी बसवा. आठवीतल्या पोराला हे सगळं कळतं, आणि मायक्रोॲम्पिअर म्हणजे काय हे तो जन्मात विसरणार नाही.

जंपर काढण्याचं कपाटात ठेवतानाही लक्षात असू द्या. ते तसेच राहिले तर तुमचा सेल डीबगरलाही पोसत बसेल.

सेल नाण्याचाच घ्या, बंद पाकिटातला, चांगल्या दुकानातून. दोन पेन्सिल सेल जास्त चालले असते, पण अल्कलाइन सेल विसरले गेले की पाझरतात. पोथ्यांच्या शेजारी मला तो धोका नको वाटतो.

बोर्ड, सेन्सर, ब्रेडबोर्ड, वायरी, सेल, कपॅसिटर, हे सगळं तुमच्या ८,००० च्या निम्म्याच्या आत बसतं. उरलेले लगेच खर्चू नका. दुसरा बोर्डही आत्ता नको. तीन महिने हा एकच बोर्ड टेबलावर राहू दे.

'या वयात उपयोग होईल का' या प्रश्नाला मी खोटा धीर देणार नाही. चौदा-पंधरा वर्षांचा खंड नोकरी देणाऱ्याच्या डोळ्यांत येतोच. पण लहान कारखान्यांत माणसं निवडताना मी बसलो आहे. प्रमाणपत्रांची फाइल आणणारे पुष्कळ येतात. 'हे मी केलं, चार महिने एका सेलवर चाललं, हा झोपेच्या प्रवाहाचा आलेख, आणि इथे गळती होती ती मी अशी काढली', असं सांगणारं क्वचित कुणी येतं. तसं कुणी आलं की आम्ही खुर्ची जवळ ओढून घ्यायचो. वहीत तारखेवार आकडे लिहीत जा, चुकलेलेही. नोकरी हवी असेल तर ती वही घेऊन जा. नको असेल तर तेही ठीकच. घरातल्या पोथ्यांसाठी शिकणं हे काही नोकरीसाठी शिकण्यापेक्षा हलकं नाही.

आणि पोथ्यांचं एक. उपकरण आर्द्रता फक्त मोजेल, कमी करणार नाही. आर्द्रता बराच काळ ७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, तेव्हा आकडा तिकडे सरकायला लागला की काही करायला हवं. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर चार बोटं पुढे ओढा. बुरशी लागलेली दोन बासनं आजच वेगळी ठेवा. त्यांचं पुढे काय करायचं ते घरगुती उपायांवर सोडू नका. आपल्या बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरात हजारो हस्तलिखितं सांभाळली जातात, अण्णांना घेऊन तिथे जाऊन विचारा.

कपाटात ठेवण्याआधी सेन्सर खरं बोलतो का तेही बघायला हवं, आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही. एका छोट्या वाटीत साधं मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, पाणी वर तरंगू देऊ नका. ती वाटी आणि उपकरण घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यात शेजारी शेजारी ठेवा, मीठ कुठेही लागणार नाही असं. रात्रभर राहू द्या. ओल्या मिठावरच्या बंद हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबते. सकाळी उपकरण चालू असेल आणि शेवटच्या चार-पाच नोंदी ७३ ते ७७ च्या मध्ये असतील, तर अण्णांना हाक मारा आणि त्यांच्याच हाताने ते कपाटात ठेवू द्या.